जॉर्डन किती कठीण? प्रतिस्पर्धी बास्केटबॉल संघ वाचायचा कसा

ऑगस्ट २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाला आशिया चषकातल्या आपल्या पहिल्या सामन्यात भारत आणि जॉर्डन चाळीस मिनिटांनंतर बरोबरीत होते. पुढच्या पाच मिनिटांच्या जादा वेळेत जॉर्डननं सामना ९१-८४ असा काढला. आदल्या दिवशी माझ्या भाचीनं मला विचारलं होतं, "मावशी, जॉर्डन किती कठीण आहे गं?" मी म्हटलं, "२०१०, २०१९ आणि २०२३, तीनदा विश्वचषक खेळलेत. २०११ ला आशियाच्या अंतिम सामन्यात चीनकडून एका गुणानं हरले. कठीणच आहेत."

सगळं खरं होतं. पण सामना सुरू झाल्यावर त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. आपण कुठे मार खाणार, कुठे आपल्याला जागा मिळणार, शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा चेंडू कुणाच्या हातात जाणार, यातलं काही माझ्या उत्तरात नव्हतं. मी तिला जॉर्डनची कीर्ती सांगितली, जॉर्डनचा संघ सांगितला नाही.

भाची पंधरा वर्षांची आहे. इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये रोज संध्याकाळी सरावाला जाते, गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, म्हणून खेळते. मी गेली बरीच वर्षं शहरातल्या सामन्यांना स्कोअर टेबलावर बसते. गुण लिहायचे, फाउल मोजायचे, घड्याळ थांबवायचं, एवढं काम. पण टेबलावरून सामना वेगळा दिसतो, कारण तिथे टाळ्या लिहिता येत नाहीत, घटनाच लिहाव्या लागतात. प्रतिस्पर्धी संघ वाचायचा तोही असाच, घटनांवरून. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर आता नीट देते.

आधी ताबे मोजा

क्रिकेटमध्ये दोन्ही संघांना सारखी षटकं मिळतात, म्हणून १६० धावा जास्त की कमी हे ठरवता येतं. बास्केटबॉलमध्ये षटकं नाहीत, पण तशीच एक गोष्ट आहे: चेंडूचा ताबा. तुम्ही बास्केट केलीत की चेंडू त्यांचा. नेम चुकला आणि रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला चेंडू, त्यांनी घेतला, तरी चेंडू त्यांचा. पास चुकला, पाय रेषेबाहेर गेला, चोवीस सेकंदांत शॉट घेतला नाही, तरीही त्यांचाच. ताबा असा एकाआड एक फिरत राहतो, म्हणून सामना संपेपर्यंत दोन्ही संघांना जवळजवळ सारखेच ताबे मिळालेले असतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात ते साधारण सत्तरच्या घरात जातात.

त्यामुळे "हा संघ सामन्याला ९० गुण करतो" हे वाक्य अर्धवट आहे. तो धावत खेळून ८० ताब्यांत ९० करत असेल, तर आक्रमण चांगलं आहे, एवढंच. पण सावकाश खेळून ७० ताब्यांत ९० करत असेल, तर त्याच्याशी गाठ जपून घ्यावी लागेल. खरा प्रश्न एका ताब्यामागे किती गुण, हा आहे. एकाच्या वर गेला तर आक्रमण चांगलं चाललंय, ०.९ च्या खाली गेला तर कुठेतरी अडतंय, एवढा अंदाज बांधायला पुरे.

ताबे थेट कुणी लिहून ठेवत नाही, पण स्कोअरशीटच्या आकड्यांतून ते काढता येतात. घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट, वजा आपल्याच चुकलेल्या शॉटवर आपणच घेतलेले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच गमावलेले चेंडू. ०.४४ कशासाठी? फ्री थ्रो बहुतेकदा जोडीनं मिळतात, म्हणजे दोन फ्री थ्रोमागे एक ताबा संपतो. पण बास्केट होऊन वर फाउल मिळाला तर एकच फ्री थ्रो असतो आणि तो ताबा आधीच मोजला गेलेला असतो. म्हणून अर्ध्यापेक्षा जरा कमी धरतात. आणि आक्रमणातला रिबाउंड वजा करायचा, कारण त्यात चेंडू समोरच्याकडे गेलेलाच नसतो, जुनाच ताबा पुढे चालू राहतो.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या संघाचा एक सामना मी घरी आणून वहीत मांडला. त्या ६१-७० अशा हरल्या होत्या. घरी येताना गाडीवर मागे बसून ती म्हणत होती, "त्यांचा नेम लागत होता, आमचा नाही." वही काय म्हणाली ते बघा. भाचीच्या संघाचे ५८ शॉट, १४ फ्री थ्रो, आक्रमणातले ९ रिबाउंड, १९ टर्नओव्हर. ताबे झाले ७४. समोरच्यांचे ६६ शॉट, १० फ्री थ्रो, आक्रमणातले १४ रिबाउंड, १८ टर्नओव्हर. त्यांचेही ताबे ७४ च.

आता नेमाचं बघू. भाचीच्या संघानं ५८ पैकी २६ शॉट घातले, समोरच्यांनी ६६ पैकी ३१. शंभराला ४५ आणि ४७. एवढ्याशा फरकाला नेम लागला, नाही लागला म्हणत नाहीत. फरक होता त्या आठ जादा शॉटमध्ये, आणि ते आठ आले कुठून, तर मुख्यतः चुकलेल्या शॉटवर समोरच्या मुलींनी आत घुसून परत मिळवलेल्या चेंडूंतून. भाचीनं वहीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही बॉक्स आउट केलंच नाही." बॉक्स आउट म्हणजे शॉट हवेत असताना चेंडूकडे बघत न राहता आधी आपल्या खेळाडूला पाठ लावायची, त्याला बास्केटपासून दूर अडवायचं, मग चेंडूसाठी उडी मारायची. दिसायला काहीच नाही. टाळी तर कधीच मिळत नाही. पण त्या दिवशीचे नऊ गुण तिथेच सांडले होते.

आकडेमोडीच्या या वाटेला शिस्त आणली ती अमेरिकेतल्या डीन ऑलिव्हर यांनी. सामना चार गोष्टींवर फिरतो, असं त्यांनी मांडलं: नेम, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड आणि फ्री थ्रो. महत्त्व याच क्रमानं. नेम मोजताना तीन गुणांच्या शॉटला दीडपट वजन द्यायचं, नाहीतर लांबून मारणाऱ्यावर अन्याय होतो. कुठलाही प्रतिस्पर्धी घ्या, या चारपैकी एका-दोन गोष्टींत तो तगडा असतो आणि एखादीत कच्चा. जॉर्डनबद्दल मी भाचीला सांगायला हवं होतं ते हे. तीन विश्वचषकांची यादी नव्हे.

कसोटी की टी-२०

टी-२० मध्ये दुबळा संघ बलाढ्य संघाला अधूनमधून हरवतो. पाच दिवसांच्या कसोटीत ते क्वचितच होतं. खेळ जितका लांबतो तितकी नशिबाला जागा कमी राहते आणि जो खरा सरस आहे तो पुढे निघतो. बास्केटबॉलमध्ये सामन्याची मिनिटं ठरलेली असली, तरी ताबे कमी-जास्त करता येतात. म्हणून वरचढ संघाशी खेळताना दुबळ्या संघाचा प्रशिक्षक बहुधा खेळ संथ करायला सांगतो. चोवीसपैकी अठरा-वीस सेकंद घ्या, चेंडू फिरवा, धावू नका. ताबे ऐंशीवरून पासष्टवर आले तर उलटफेराची शक्यता वाढते. लांबून तीन गुणांचे शॉट जास्त घेण्यामागेही हेच गणित आहे. ६.७५ मीटरवरून मारलेला शॉट लहरी असतो. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुबळा संघही डोंगर हलवतो.

जुलै २०१४ मध्ये वुहानला भारतानं चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असं हरवलं. चीनविरुद्धचा आपला तो पहिलाच विजय. आकडे पुन्हा वाचा. चीनला ५८ वर रोखलं आणि स्वतः केले फक्त ६५. जेद्दाला २०२५ मध्ये त्याच चीननं आपल्याला १००-६९ असं हरवलं. दोन्ही वेळा भारताचे प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंगच होते. आपल्या गुणांत फरक आहे चारचा, चीनच्या गुणांत बेचाळीसचा. म्हणून चीनविरुद्ध "आपण किती गुण करू" हा प्रश्न मी कधीच पहिला विचारत नाही. त्यांना किती कमी वेळा आणि किती अवघड शॉट घेऊ देऊ, हा विचारते.

त्यातही जेद्दाचा चीन पूर्ण ताकदीनं आलेला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, निवडीत सोळाव्या क्रमांकावर घेतला गेलेला उंचपुरा यांग हानसेन संघात नव्हता. तरीही ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि ऑस्ट्रेलियाकडून ८९-९० असे एका गुणानं हरले. हू जिनचिऊसारखा २१० सेंटिमीटर उंचीचा खेळाडू बास्केटखाली उभा असला की आपल्या गार्डचा सरळ घुसून बास्केटजवळून घेतलेला शॉट, म्हणजे लेअप, हवेतच विचारात पडतो. त्याला तिथून बाहेर ओढायचं कसं, यावरच सगळा डाव बेततात.

वाटी, डबी आणि पेला

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका रविवारी सकाळी पोहे खाताना मी भाचीला हे टेबलावर दाखवलं, म्हणून तसंच सांगते. आमच्या इंदूरच्या टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी शेवेची वाटी आणि जिरावण मसाल्याची डबी असतेच. पेला म्हणजे चेंडू हातात असलेला गार्ड. त्याच्यासमोर एक चमचा, तो त्याला अडवणारा. शेवेची वाटी म्हणजे गार्डचा उंच सहकारी. वाटी पुढे येते आणि चमच्याच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. ही स्क्रीन. पेला वाटीला खांदा घासून पलीकडे निघतो, चमचा वाटीला अडकतो, आणि क्षणभर पेला मोकळा होतो. त्याच वेळी वाटी वळून बास्केटकडे धावते. याला पिक अँड रोल म्हणतात, आणि आजच्या बास्केटबॉलमधली निम्मी आक्रमणं या ना त्या रूपात इथूनच सुरू होतात, असं मी स्कोअर टेबलावरून बघत आले आहे.

आता जिरावणाची डबी. ती म्हणजे वाटीला अडवणारा उंच बचावपटू. सगळा पेच त्याच्या पायांत आहे. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. एक, तो मागे, बास्केटजवळ थांबतो. मग आत घुसणं अवघड होतं, पण पेल्याला लांबून निवांत शॉट मिळतो. दोन, तो झपकन वर येऊन पेल्याला दाबतो. मग पेल्याला दम खायला जागा मिळत नाही, पण त्याच्या पाठीमागे वाटी मोकळी सुटते आणि बाकीच्या तिघांना चौघं सांभाळावे लागतात. तीन, डबी आणि चमचा सरळ आपापली माणसं बदलतात. मोकळं कुणीच राहत नाही, पण आता बुटका उंचासमोर आणि जड माणूस चपळासमोर अडकतो.

फुकट काहीच नाही. प्रत्येक संघ काहीतरी सोडून काहीतरी वाचवतो. प्रतिस्पर्धी काय सोडायला तयार आहे, हे कळलं की संघ अर्धा वाचून झाला. आणि हे घरी बसून, मोबाइलवर सामना बघतानाही कळतं. पहिली पाच मिनिटं चेंडूकडे बघू नका. समोरच्या सर्वांत उंच बचावपटूच्या पावलांकडे बघा. स्क्रीन लागली की ती मागे सरकतात, पुढे येतात की बाजूला वळतात? तीन-चार वेळा बघितलं की सवय लक्षात येते. भाचीला हे जमायला दोन सामने लागले. तिसऱ्या सामन्यात ती माझ्याआधी ओरडली, "मागे पडतोय तो! शॉट घे!"

संघ दमला की ही सवय बदलते. चौथ्या क्वार्टरमध्ये वर येणारा उंच खेळाडू मागे राहू लागतो, कारण पाय जड झालेले असतात किंवा चार फाउल लागलेले असतात आणि पाचव्याला तो बाहेर जाणार असतो. माझ्या टेबलावर चौथ्या फाउलची खूण झाली की समोरचा चांगला प्रशिक्षक लगेच त्या खेळाडूवर हल्ला करायला लावतो. प्रतिस्पर्धी वाचणं सामन्याआधी संपत नाही, ते असं.

कोण येणार, हे आधी

वर्तमानपत्रात "भारत विरुद्ध जॉर्डन" असं छापून येतं, पण जॉर्डन हा दरवेळी वेगळा असतो. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाप्रमाणे प्रत्येक राष्ट्रीय संघाला असा एक खेळाडू घेता येतो, ज्यानं सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या देशाचं नागरिकत्व घेतलंय. आशियातले बरेच संघ तो एक खेळाडू अमेरिकेतून आणतात. जॉर्डनकडे बरीच वर्षं डार टकर हा अमेरिकेत वाढलेला गार्ड होता. २०२३ च्या विश्वचषकात त्या जागेवर एनबीए खेळून आलेला रॉन्डे हॉलिस-जेफरसन आला. न्यूझीलंडविरुद्ध त्यानं एकट्यानं ३९ गुण केले, शेवटच्या क्षणी सामना जादा वेळेत नेला, तरी जॉर्डन ८७-९५ असं हरलं. ८७ मधले ३९. म्हणजे जवळजवळ अर्धा संघ एका माणसात. काही आठवड्यांनी तोच संघ हांगचौच्या आशियाई खेळांत रौप्यपदक घेऊन गेला.

जेद्दाला सौदी अरेबियाकडे मुहम्मद-अली अब्दुर-राकमान होता. हा २०१८ मध्ये मिशिगनकडून अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेला गार्ड. चीननं २०२३ मध्ये ली काय-अर, म्हणजे एनबीएतला काइल अँडरसन, खेळवला होता. फिलिपिन्सचा जस्टिन ब्राउनली तर आशियातल्या सगळ्या प्रशिक्षकांच्या झोपेत येत असावा. जेद्दाला फिलिपिन्सनं यजमान सौदीला जादा वेळेत ९५-८८ असं बाहेर काढलं.

भारताकडे असा खेळाडू नाही आणि येण्याची वाटही सोपी नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांनाही त्यासाठी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. म्हणून आपल्या बारांत बाराच्या बारा जण इथल्याच मैदानांवर तयार झालेले असतात. मला त्याचा अभिमान आहे. पण सामना वाचताना हा फरक मनात ठेवावाच लागतो: समोर एक असा माणूस आहे, जो कुठलाही डाव न आखता स्वतःच्या बळावर गुण करू शकतो, आणि आपल्याला ते काम पाच जणांत वाटून घ्यावं लागतं.

मग अशा माणसाला थांबवायचं कसं? बहुतेक वेळा तो थांबत नाही. त्याला दमवायचं. बचावात त्याला पुन्हा पुन्हा स्क्रीनमधून धावायला लावायचं, म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत त्याचा शॉट आखूड पडतो. आणि त्याच्या बाजूचे चौघे गरम होऊ द्यायचे नाहीत. त्यानं ३९ केले तरी चालेल, बाकीच्यांनी मिळून ४८ च केले पाहिजेत. न्यूझीलंडनं त्या दिवशी हेच साधलं.

गटाचं गणित

जेद्दाला १६ संघ होते, चार-चारांचे चार गट. पहिला आलेला थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा आणि तिसरा आणखी एक सामना खेळून तिथे पोहोचणार, चौथा घरी. भारताच्या गटात चीन, जॉर्डन आणि सौदी. अशा गटात तिन्ही सामने सारखे नसतात. चीनविरुद्ध शक्यता सर्वांत कमी, सौदी घरच्या प्रेक्षकांसमोर. म्हणून तीनपैकी जॉर्डनचा सामना हाच आपला सामना होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तो हातातून निसटला, पुढचे दोन्हीही गेले, आणि आपण गटात शेवटचे राहिलो. जादा वेळेतली ती पाच मिनिटं मला अजून टोचतात, कारण त्या पाच मिनिटांवर सगळी स्पर्धा टेकली होती.

गुणतालिकेची एक गोष्ट क्रिकेटवाल्यांना चकवते. फिबाच्या तालिकेत जिंकल्यावर २ गुण, आणि हरल्यावरही १ गुण मिळतो. शून्य मिळतं ते सामना सोडून दिल्यावर. दोन संघ बरोबरीत राहिले तर आधी त्यांच्यातला आपसातला सामना बघतात. तिघे अडकले तर फक्त त्या तिघांमधल्या सामन्यांची छोटी तालिका काढतात आणि तिथे गुणांचा फरक कामाला येतो. म्हणून वीस गुणांनी हरत असतानाही शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षक टाइमआउट घेतो तेव्हा प्रेक्षकांना वाटतं, आता कशाला? तो फरक वीसचा बावीस होऊ नये म्हणून. आमच्या शहरातल्या एका स्पर्धेत एक संघ केवळ दोन गुणांच्या फरकानं बाद झालेला मी टेबलावरून बघितलाय. त्या मुली हरलेल्या सामन्यात शेवटची तीस सेकंद उभ्याउभ्या घालवत होत्या.

पात्रता फेरीचं वेगळं असतं

विश्वचषकाचं आता वेगळं आहे. २०२७ चा विश्वचषक कतारला, दोहामध्ये होणार. त्यासाठीच्या आशियाई पात्रतेत पहिल्या फेरीत भारताच्या गटात लेबनन, सौदी अरेबिया आणि कतार आले. चौघांपैकी तिघे पुढच्या फेरीत जाणार, आणि पहिल्या फेरीतले निकाल पुढेही सोबत जाणार. कतार यजमान असल्यानं त्यांची जागा पक्की, तरी ते खेळणार.

इथे सगळे सामने एका ठिकाणी होत नाहीत. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. मधे महिने जातात. नोव्हेंबरमध्ये एनबीए आणि युरोपातली युरोलीग जोरात चालू असतात, तिथले क्लब खेळाडू सोडायला तयार नसतात, त्यामुळे नोव्हेंबरचा संघ आणि उन्हाळ्यातला संघ कधीकधी ओळखू येत नाहीत. अंतिम बारा जणांची यादी सामन्याच्या तोंडावर येते. म्हणून पात्रता फेरीत महिनाभर आधी लिहिलेलं भाकीत मी गंभीरपणे घेत नाही. संघाच्या सवयी टिकतात, कारण त्या प्रशिक्षकाच्या असतात. माणसं टिकतीलच असं नाही.

लेबनन घ्या. २०२२ च्या आशिया चषकात ते अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ७३-७५ असे, फक्त दोन गुणांनी हरले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून हरलेल्या संघातल्या वाएल अराकजीला निवडलं. तो बैरूतचा गार्ड, पिक अँड रोलमधून जगणारा. तो संघात असेल तर लेबननला अडवायचं म्हणजे आधी ती स्क्रीन अडवायची. तो नसेल तर चेंडू दुसऱ्याच्या हातात, आक्रमणाची चाल वेगळी, आणि आपला अख्खा डाव बदलतो. कतारचं थोडक्यात सांगते: २००३ आणि २००५ मध्ये आशियात तिसरे आलेले, २००६ चा विश्वचषक खेळलेले. पण ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कीर्ती आणि संघ यांतला फरक त्यांच्याइतका कुणाबाबतच ठळक नाही.

सौदीशी मात्र आपली जुनी ओळख झालेली आहे, जेद्दाला. ओळखीचा प्रतिस्पर्धी दोन्ही बाजूंना ओळखीचा असतो. त्यांनाही माहीत आहे की आपले गार्ड दाबाखाली चेंडू घाईनं सोडतात, आणि आपले उंच खेळाडू त्यांच्याइतके भरभक्कम नाहीत. म्हणून सौदीशी खेळताना मी एकच रकाना बघते: आपले टर्नओव्हर. सत्तर ताब्यांत ते बाराच्या आत राहिले तर सामना शेवटच्या क्वार्टरपर्यंत जातो. अठराच्या वर गेले की तो मध्यंतरालाच संपलेला असतो.

जेद्दानंतर भाचीनं एक शंभर पानी वही घेतली. लेबनन, सौदी, कतार, प्रत्येकाला एक पान. रकाने तिनं स्वतःच आखले: नेम, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड, फ्री थ्रो, आणि पाचवा तिचा स्वतःचा, "उंचाचे पाय". मागच्या आठवड्यात ती सरावाहून आली, घामानं भिजलेली, बूट दारातच सोडले आणि वही उघडून बसली. लेबननच्या पानावर वरती लिहिलं होतं, "अराकजी आलाय का?" त्याखाली तिनं पेन्सिलनं आणखी एक ओळ घातली: "आला असेल तर स्क्रीननंतर डावीकडे जातो की उजवीकडे?"